चिकनवरचं डब्याचं ॲप दुसऱ्या स्कीमवर न्यायचंय. जमेल, की फेकून द्यावं?

रामबागी
नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण आधी थोडं घरचं सांगावं लागेल.

इंदूरला रामबागेत माझी आत्या डबे करते. साधारण १४० डबे. बरीचशी कोचिंगची पोरं, काही एकटे राहणारे आजोबा. २०१४ साली मी कॉलेजात असताना तिच्या वहीचं वेब-ॲप करून दिलं: कोणाचा डबा चालू, कोणाचा खाडा, कोणाला अर्धा, महिन्याचं बिल किती. तेव्हा स्कीम ही प्रोग्रॅमिंगची भाषा नुकती शिकलो होतो, अंगात आलं होतं, म्हणून सगळं चिकन स्कीममध्ये, म्हणजे तिच्या एका बोलीत, लिहिलं. (हो. शुद्ध शाकाहारी डब्यांचा हिशोब चिकनवर चालतो. आत्याला अजून माहीत नाही.)

आता ज्यांच्याकडे सर्व्हर भाड्याने घेतलाय ते जुनं मशीन महिनाअखेरीस बंद करतायत. नव्यावर चिकन ५ मिळतं, माझा कोड चिकन ४ चा. पहिल्याच ओळीला आडवा झाला: 'यूज' म्हणून काही उरलंच नाही, 'इम्पोर्ट' म्हणा. म्हटलं एवीतेवी हात घालायचाच आहे तर रॅकेट किंवा गाइल या दुसऱ्या स्कीमवर नेऊ. रॅकेटने सांगितलं की 'सेट-कार!' हे काय असतं ते आम्हाला ठाऊक नाही. त्याने जोडीतली पहिली गोष्ट जागच्या जागी बदलता येते, आणि माझे सगळे खाडे त्या 'सेट-कार!'वर उभे आहेत.

सगळ्या स्कीमच ना? मग एकीतलं दुसरीत का चालू नये? आणि एकच कोड तिन्हींवर चालेल असं लिहिता येतं का?

जीरावन
एक्सेल.

जीरावन
(मी गंभीर आहे भिया.)

मेधा_ग्वाल्हेर
एक्सेलचं नंतर बघू. माझा अनुभव स्कीमचा नाही, पायथनचा आहे, पण दुखणं तेच. आमच्या ऑफिसात पावत्यांचं ॲप पायथन २ मध्ये होतं. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधार संपणार हे आम्हाला कितीतरी वर्षं माहीत होतं, म्हणून आम्ही डिसेंबर २०१९ मध्ये कामाला लागलो.

'प्रिंट'ला कंस लावणं वगैरे '२टू३' नावाच्या अवजाराने एका दुपारीत झालं. त्या दुपारी आम्ही बाड्यावर जाऊन कचोरी खाऊन आलो, एवढा आनंद. रडवलं भागाकाराने. पायथन २ मध्ये ५ भागिले २ म्हणजे २, पायथन ३ मध्ये २.५. काही तुटत नाही, लाल अक्षरात काही येत नाही, पावती छापली जाते. फक्त आकडा वेगळा. तीन आठवड्यांनी एका पेन्शनर काकांनी येऊन दाखवलं, तेव्हा कळलं.

तेव्हा रामबागी, 'सेट-कार! सापडत नाही' म्हणून जो ओरडतोय तो तुझा मित्र समज. जो गप्प बसलाय त्याला शोध.

जीरावन
+१. आमच्या घरीही हाच नियम आहे.

कंसमामा
बडोद्याहून नमस्कार. या धाग्याची आयुष्यभर वाट पाहत होतो.

रामबागी, 'सगळ्या स्कीमच ना' यातच गोम आहे. स्कीम ही भाषा कमी आणि कुळ जास्त. १९९८ चं आर५आरएस हे प्रमाण, म्हणजे भाषेचे ठरलेले नियम, अवघं ५० पानी. एवढ्या पानांत कंस, लॅम्डा आणि कॉल-सीसी बसतं, पण त्यात मॉड्यूल नाहीत, सॉकेट (नेटवर्कवर बोलायची सोय) नाहीत, हॅश-टेबल नाही. म्हणजे वेब-ॲपला जे जे लागतं ते प्रत्येक घराने आपापल्या पद्धतीने केलं. २००७ ला आर६आरएस आलं, त्यात लायब्ररी होत्या, पण निम्म्या कुळाने ते मानलंच नाही. २०१३ ला आर७आरएसचा छोटा अवतार आला, तो बऱ्याच जणांना पटला. सॉकेट त्यातही नाहीत. मधल्या काळात १९९८ पासून 'सर्फी' नावाचे ठराव निघत आलेत: यादीसाठी सर्फी १, मजकुरासाठी १३, हॅश-टेबलसाठी ६९. त्यातले पाळायचे कोणते हे ज्याचं त्याने ठरवायचं.

'सेट-कार!'चं असं: रॅकेटने (तेव्हाचं पीएलटी स्कीम) ४.० आवृत्तीपासून जोड्या न बदलणाऱ्या केल्या. मुद्दाम. त्याचा फटका हॅकर न्यूज ही साइट ज्यावर उभी राहिली त्या आर्क भाषेलाही बसला होता. आर्क बरेच दिवस पीएलटीची ३७२ ही जुनी आवृत्ती धरून होती. तेव्हा खाडे अडकलेला तू पहिला नाहीस.

आणखी एक. रेडिट सुरुवातीला कॉमन लिस्प या स्कीमच्या चुलतभाषेत होतं, डिसेंबर २००५ मध्ये पायथनमध्ये लिहून काढलं. त्यांच्या तक्रारींतली एक अशी की घरी मॅकवर एक लिस्प, सर्व्हरवर फ्रीबीएसडीत दुसरं, आणि सॉकेट-थ्रेडचा कोड दोन्हीकडे सारखा चालेना. वाचा पुन्हा: कॉमन लिस्पला १९९४ पासून भलं जाडजूड अन्सी प्रमाण आहे. तरी अडले. कारण सॉकेट आणि थ्रेड त्या प्रमाणातही नाहीत.

पीएचपी_पेन्शनर
मामा म्हणजे व्याख्यान. सुंदर. पण मूळ प्रश्नाचं उत्तर: फेकून दे. १४० डब्यांचं ॲप पीएचपीत दोन रविवारांत होतं. पीएचपी कुठल्याही होस्टिंगवर चालते, अजून वीस वर्षं चालेल.

मेधा_ग्वाल्हेर
काका, कुठली पीएचपी? ७.० ने 'मायएसक्यूएल_'ची सगळी जुनी फंक्शनं काढून टाकली तेव्हा तुम्हीच इथे दोन पानी शोकगीत लिहिलं होतंत.

पीएचपी_पेन्शनर
ते वेगळं. ती फंक्शनं जायलाच हवी होती. 😑

बरं, कबूल करतो. ८ मध्ये त्याहून वाईट अनुभव आला. आधी शून्य आणि 'अबक' यांची सैल तुलना केली तर पीएचपी म्हणायची, समान. ८ पासून म्हणते, नाही. बरोबरच आहे आता, पण माझ्या एका फॉर्ममध्ये कोणीतरी (मीच) त्या चुकीच्या 'समान'वर विसंबून रिकाम्या नोंदी गाळल्या होत्या. पीएचपी सुधारली आणि माझं ॲप बिघडलं.

आणि एचएचव्हीएम आठवतंय? फेसबुकवाल्यांनी पीएचपीची वेगवान वाट काढली, २०१४ ला तिच्यावर हॅक नावाची बोली आणली. आम्ही एका गिऱ्हाइकाचं ॲप हौसेने तिकडे नेलं. २०१९ ला त्यांनी पीएचपीचा हातच सोडला, आता फक्त हॅक. बोली मोठी झाली, वेगळी चूल मांडली, आम्ही अंगणात.

जीरावन
बोलीवरून आठवलं. माझा पुण्याचा चुलतभाऊ पहिल्यांदा इंदूरला आला तेव्हा एका पाटीवर त्याने 'जिला शिक्षा अधिकारी' वाचलं आणि मला हळूच विचारलं, 'अख्ख्या जिल्ह्याला शिक्षा? केलं काय तुम्ही?'

तळटीप
अवांतर वाटेल, पण जीरावन यांनी धाग्यातला सर्वांत उपयोगी मुद्दा मांडलाय. शब्द तोच, वाचताही येतो, अर्थ भलता. मेधाताईंचा भागाकार हा 'शिक्षा' जातीचाच.

जीरावन
माझ्याकडून चुकून झालं. क्षमस्व.

सौ_डेटाबेस
सगळे भाषेवर बोलताय. रामबागी, डेटा कशात आहे? डेटाबेसशी बोलायच्या एसक्यूएल भाषेलाही प्रमाण आहे आणि तिच्याही बोली आहेत. मायएसक्यूएलमध्ये नावांना बॅकटिक (उलटं एकेरी अवतरण), पोस्टग्रेसमध्ये दुहेरी अवतरण. दोन उभ्या रेघा बाकी बऱ्याच ठिकाणी मजकूर जोडतात, मायएसक्यूएलमध्ये मुळात 'किंवा' करतात. ओरॅकल रिकाम्या मजकुराला नल, म्हणजे 'माहितीच नाही', समजतं. मायएसक्यूएलमध्ये शोधायचं 'लाइक' बहुधा लहान-मोठी रोमन अक्षरं सारखी धरतं, पोस्टग्रेसमध्ये धरत नाही. शोधपेटीत इंग्रजीत नाव टाइप करणारे आजोबा दुसऱ्या दिवशी फोन करतात की माझं खातं उडालं.

आणि मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ८' (अक्षरं साठवायची पद्धत) हे चिन्हामागे तीन बाइटांचंच असतं. मराठी त्यात बसते, म्हणून सगळं ठीक वाटतं. एका पोराने शेऱ्यात इमोजी टाकला की संपलं. 'यूटीएफ८एमबी४' कर आधी.

रामबागी
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

@सौ_डेटाबेस, एसक्यूलाइट. एकच फाइल आहे, उचलली की झालं. तेवढं एक शहाणपण २०१४ च्या मला सुचलं होतं.

@पेन्शनर काका, पीएचपीला विरोध नाही, पण साधारण ३२०० ओळी आहेत, आणि त्यात आत्याच्या दहा वर्षांतल्या अटी आहेत. 'एकादशीला अर्धा डबा म्हणजे साबुदाणा, त्याचा दर पूर्ण' अशा. त्या कुठेही लिहिलेल्या नाहीत, फक्त त्या कंसांत आहेत. पुन्हा लिहायला बसलो तर निम्म्या विसरेन.

मजकुराचाही एक जुना घोळ आहे. डब्यावर लावायच्या चिठ्ठीवर नाव २० अक्षरांवर कापतो. सुरुवातीला मराठी नावांच्या शेवटी काळा चौकोन यायचा. २० चं २१ केलं आणि बरं झालं. का बरं झालं ते आजतागायत माहीत नाही. काही नावांना अजूनही चौकोन येतो.

तळटीप
अरे देवा. तू अक्षरं कापत नव्हतास, बाइट कापत होतास.

चिकन ४ मध्ये (आणि ५ मध्येही) मजकूर म्हणजे बाइटांची माळ. 'क्षितिज'ची लांबी विचार: चिकन सांगेल २१. गाइल २ पासून पुढे किंवा रॅकेट सांगेल ७, कारण त्यांच्या मते क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी, त, पुन्हा वेलांटी, ज अशी सात युनिकोड चिन्हं आहेत. शाळेतल्या बाई सांगतील ३. बाईंचं बरोबर आहे, पण युनिकोडच्या नियमांत 'क्षि' हे अखंड धरायची तरतूद आली ती २०२३ च्या १५.१ आवृत्तीत.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचं. २० ला ३ ने भाग जात नाही, म्हणून शेवटचं चिन्ह अर्धवट कापलं जायचं आणि चौकोन दिसायचा. २१ ला जातो. पण मधली मोकळी जागा १ बाइटाची, म्हणजे पुन्हा २० उरले.

रामबागी
म्हणून आडनाव लिहिलेल्यांचंच नाव बिघडायचं!!! दहा वर्षं आत्या त्या पोरांना 'फक्त नाव लिही रे, आडनाव नको' सांगतेय.

जीरावन
जातिनिर्मूलनाचं एवढं मोठं काम एका बगने केलं आणि तुम्ही तो दुरुस्त करणार.

कंसमामा
आता अजून एक गप्प बसणारा. रामबागी, कुठे एकाच 'लेट'मध्ये (किमतींना नावं द्यायची रचना) दोनदा ओळ वाचली आहेस का? म्हणजे पहिल्यात नाव, दुसऱ्यात फोन?

रामबागी
हो मामा, आयात करायच्या भागात. का?

कंसमामा
स्कीमच्या प्रमाणात फंक्शनला दिलेल्या गोष्टी कुठल्या क्रमाने मोजायच्या हे ठरवलेलंच नाही. 'लेट'लाही तेच लागू. रॅकेट डावीकडून उजवीकडे मोजायची हमी देतं, बाकीचे देत नाहीत. आज एका कंपायलरवर नाव आधी येतंय, उद्या दुसऱ्यावर फोन आधी येईल आणि चिठ्ठीवर 'श्री. ९८२६…' छापून येईल. 'लेट'ला एक तारा लाव, 'लेट*' कर. तारा लावला की क्रम पक्का.

आता मूळ प्रश्न. तिन्हींवर चालणारा एकच कोड? जमतं, पण सॉकेटला शिवायचं नाही. तुझ्याकडे वेब सर्व्हर कोणता, स्पिफी ना? तो चिकनचाच. त्याला सोड आणि सीजीआय कर.

पीएचपी_पेन्शनर
सीजीआय? मामा, आपण कुठल्या शतकात आहोत?

कंसमामा
१९९३ ची सोय आहे, मान्य. पण तिची गंमत बघा. वेब सर्व्हर तुमचा प्रोग्रॅम चालू करतो, विनंतीची माहिती एन्व्हायर्नमेंटच्या चलांत ठेवतो, फॉर्मचा मजकूर स्टँडर्ड इनपुटवर देतो, आणि तुम्ही जे छापाल ते ब्राउझरला जातं. वाचणं आणि छापणं. एवढं तर त्या ५० पानांतही आहे. एन्व्हायर्नमेंट वाचणं त्यात नव्हतं, ते सर्फी ९८ आणि आर७आरएसने दिलं. म्हणजे सगळं ॲप प्रमाण स्कीममध्ये राहतं.

प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस उठते हा आक्षेप मला माहीत आहे. फेसबुकला नाही चालणार. आत्याला १४० डबे आहेत. चिकन तर कोड सी भाषेत उतरवून पक्का प्रोग्रॅम बनवतं, तो पापणी लवायच्या आत उठतो.

पायथनवाल्यांनी २००३ मध्ये डब्ल्यूएसजीआय ठरवलं, रुबीवाल्यांनी २००७ मध्ये रॅक, ते याच धाटणीचं: सर्व्हर आणि ॲप यांच्यात एक उंबरठा ठरवून घ्यायचा, मग दोन्ही बाजूंनी कोणीही बदलो. स्कीमच्या कुळाचं तसल्या उंबरठ्यावर कधी एकमत झालं नाही, म्हणून जुना वापरायचा.

पीएचपी_पेन्शनर
आणि २०१४ चं शेलशॉक, ते सुरक्षेचं भोक? सीजीआयवाल्यांचीच झोप उडाली होती.

तळटीप
काका, ते भोक बॅशमध्ये, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या शेलमध्ये, होतं. वेब सर्व्हरने थेट पक्का प्रोग्रॅम उठवला आणि त्याने पुढे शेल बोलावलं नाही तर मध्ये बॅश येतच नाही. मात्र नव्या मशीनवर वेब सर्व्हर एनजिनएक्स असेल तर तो थेट सीजीआय चालवत नाही, मध्ये एफसीजीआयरॅप लागेल. अपाची असेल तर तेही नको.

आणि रामबागी, इनपुट वाचताना जपून. किती वाचायचं ते कंटेंट-लेंथ सांगतं, ते बाइटांत. चिकनमध्ये 'रीड-स्ट्रिंग' तेवढे बाइट वाचेल, रॅकेट किंवा गाइलमध्ये तेवढी चिन्हं वाचायला जाईल आणि मराठी मजकूर आला की न आलेल्या चिन्हांची वाट बघत बसेल.

मेधा_ग्वाल्हेर
आम्ही शेवटी जे केलं ते सांगते. दोन बोलींत जे जे वेगळं आहे ते सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलं आणि बाकी कुठेही 'पायथन २ असेल तर' लिहायचं नाही असा दंडक घातला. 'सिक्स' नावाची लायब्ररी हेच करते. नाव 'सिक्स' का, तर २ गुणिले ३.

दुसरं म्हणजे जुनं ॲप चालू असेपर्यंत त्याच्याकडून गेल्या वर्षभराच्या सगळ्या पावत्या काढून ठेवल्या, नव्याकडून त्याच काढल्या आणि ओळीला ओळ लावून बघितल्या. हे आम्ही पेन्शनर काकांनी दाखवल्यावर केलं. (आपले पेन्शनर नव्हेत.) तू आधी कर. मशीन बंद झालं की तुला कोणी सांगणार नाही की आधी आकडा काय यायचा.

कंसमामा
मेधाताईंना दंडवत. स्कीममध्ये त्या एका फाइलसाठी 'कॉन्ड-एक्स्पांड' आहे: चिकन असेल तर हे, गाइल असेल तर ते. मीठ जेवढं वापरतो तेवढंच वापर.

जीरावन
वाचनखूण साठवली. मला यातलं काहीही कळलं नाही.

रामबागी
तीन आठवड्यांनी परत येतोय, उशिराबद्दल माफी.

चिकन ५ वर चालू झालं, सीजीआयनेच. गाइलवरही तोच कोड चालतो, मध्ये एक ८० ओळींची 'घर.एससीएम' नावाची फाइल आहे, वेगळेपणा सगळा तिच्यात. रॅकेट सोडून दिलं. 'सेट-कार!' काढायचे म्हणजे खाड्यांचा अख्खा भाग नव्याने लिहिणं आलं, तेवढा दम नव्हता. नावं आता चिन्हं मोजून कापतो, आडनावासकट. एक 'लेट' खरंच उलटा फिरला होता, गाइलवर नव्हे, चिकन ५ वरच.

मेधाताईंचं ऐकून जुन्या-नव्या बिलांची तुलना केली, फक्त एकूण रकमेची. सगळी जुळली. खूश होऊन आत्याला दिलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन: 'रोजच्या दराच्या जागी काय छापलंयस?'

महिन्याचे २६०० भागिले ३० दिवस. चिकन ४ ला अपूर्णांक येत नव्हते, ते ८६.६६६६… द्यायचं, मी टिंब शोधून पुढचे दोन आकडे ठेवायचो. चिकन ५ मध्ये अपूर्णांक अंगचेच आहेत. ते अचूक उत्तर देतं: २६०/३. टिंबच नाही, म्हणून माझं फंक्शन तसंच पुढे पाठवतं. १४० बिलांवर छापलं: 'दर: २६०/३'.

मेधा_ग्वाल्हेर
भागाकार! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं!

रामबागी
हो ताई. पण पुढे ऐका. मी म्हटलं, आत्या, रात्रीत दुरुस्त करतो. ती म्हणाली, थांब. पोरं विचारत होती, तिने सांगितलं की २६० रुपयांत ३ डबे. सगळ्यांना पटलं. वहीपेक्षा सोपं आहे म्हणे, तीन दिवसांचा खाडा असला की २६० वजा, पैशांची कटकट नाही. 'असंच ठेव, हात लावू नकोस.'

तळटीप
पण गणित तर बरोबरच आहे…

सौ_डेटाबेस
फेब्रुवारीत काय येईल?

रामबागी
६५०/७. तेही तिने विचारलं. म्हणाली, आठवड्याचा दर, छान आहे.

जीरावन
आणि ३१ च्या महिन्यात?

रामबागी
२६००/३१. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. चिकनचंही नाही.